चौकटीतलं अंतराळयान

एंटरप्राइझ यानाच्या मागून ज्वाळा निघताहेत, दिवाळीतल्या बाणाच्या निघतात तशा. 'स्टार ट्रेक'च्या पहिल्यावहिल्या कॉमिक्सची ही पानं मी अगदी अलीकडे पाहिली, पण पाहताक्षणी ओळखलं, की हे काढणाऱ्यानं मालिका पाहिलेली नाही. ओळखणं सोपं होतं. मीही एकेकाळी तशीच चित्रं काढली होती.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. नाशिकला पंचवटीतल्या आमच्या वाड्यात टीव्ही एकच. वीज गेली किंवा घरातून कामाला पिटाळलं, की तो भाग चुकला तो कायमचा. मग ज्यानं पाहिला असेल त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर चौकटी आखून तो काढायचा. न पाहिलेला ग्रह, न पाहिलेला राक्षस. काल्पनिक विज्ञानाशी माझं नातं जुळलं ते त्या वहीत. मेनरोडच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे मुखपृष्ठ फाटलेली 'इंद्रजाल कॉमिक्स' मिळत. त्यांत वेताळ भरपूर असे, पण आम्ही शोधायचो फ्लॅश गॉर्डन. १९६४ साली सुरू झालेलं इंद्रजाल १९९०मध्ये थांबलं, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

तर त्या ज्वाळा. मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९६६मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी 'गोल्ड की' या प्रकाशनानं तिचं कॉमिक्स काढलं. पहिले दोन अंक नेव्हिओ झक्कारा यांनी चितारले, नंतर अल्बर्टो जोलिट्टी यांनी. दोघेही इटलीतले, आणि मालिका त्यांनी पाहिलेली नव्हती. आधाराला होती ती काही छायाचित्रं. त्यामुळे ग्रहावर उतरणारी मंडळी पाठीला पिशव्या लावून गिर्यारोहकांसारखी निघत. गोष्टींचा स्वभावही वेगळाच. पहिल्या अंकात माणसांना झाडं बनवणाऱ्या वनस्पतींचा ग्रह आहे आणि शेवटी तिथली सगळी हिरवळ यानातून किरण सोडून जाळून टाकली जाते. अनोळखी जीवाला आधी समजून घ्यायचं, हा तर मालिकेचा प्राण. त्या अंकात तो हरवला, हे मान्यच करायला हवं.

तरीही मला जोलिट्टींची पानं प्रिय आहेत. पडद्यावर यान ग्रहावर उतरवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसांना एका जागी विरघळवून दुसऱ्या जागी प्रकट करण्याची युक्ती काढली गेली. कागदावर अशी अडचण नाही. प्रचंड शहर असो की अजस्र प्राणी, खर्च शाईचाच. जोलिट्टींनी ही मोकळीक पुरेपूर वापरली. त्यांच्या ग्रहांना स्टुडिओतल्या रंगवलेल्या भिंतींचा वास येत नाही.

शिवाय या कॉमिक्सनं एक मोठं काम केलं. ७९ भाग दाखवून मालिका १९६९मध्ये बंद झाली. मधल्या ॲनिमेशन मालिकेचे २२ भाग सोडले, तर पहिला चित्रपट येईपर्यंत, म्हणजे १९७९च्या डिसेंबरपर्यंत, नवं असं पडद्यावर काही नव्हतं. कॉमिक्स मात्र त्याच वर्षापर्यंत चालू राहिलं, ६१ अंक. दहा वर्षं यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्या नव्या मोहिमा प्रामुख्यानं कागदावरच घडत होत्या.

पुढचा काळ झरझर सरतो. १९८०मध्ये 'मार्व्हल'नं हक्क घेतले, पण ते फक्त चित्रपटापुरते. मालिकेतलं काही वापरायला बंदी, आणि १८ अंकांत खेळ आटोपला. १९८४पासून 'डीसी'नं सूत्रं घेतली तेव्हा चित्रपटात स्पॉक मरण पावलेला होता. लेखक माइक बार आणि चित्रकार टॉम सटन यांनी त्याच्याशिवाय गोष्ट पुढे नेली. मग पुढच्या चित्रपटात तो परत आला आणि कॉमिक्सला आपला रस्ता त्याभोवती वळवून घ्यावा लागला.

मला थांबायचं आहे ते २०१४ सालापाशी. मालिकेतला सर्वांत नावाजलेला भाग म्हणजे 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर'. हार्लन एलिसन यांनी लिहिलेली त्याची मूळ संहिता चित्रीकरणापूर्वी बरीच बदलली गेली आणि ते दुःख त्यांनी जन्मभर बाळगलं. जवळजवळ अर्धशतकानं 'आयडीडब्ल्यू' या प्रकाशनानं ती मूळ संहिताच पाच अंकांच्या कॉमिक्समध्ये आणली. जे. के. वुडवर्ड यांची रंगवलेली चित्रं पाहताना वाटतं, की आपण चुकलेला भाग पाहतो आहोत. वाड्यातल्या आमच्या वहीला जे करायचं होतं, ते इथे झालं.

आपल्याकडेही काही घडलं. १९९७मध्ये 'शक्तिमान' ही टीव्ही मालिका सुरू झाली आणि 'डायमंड कॉमिक्स'नं तिचे अंक काढले. पण मराठीत? डिसेंबर २०२१मध्ये नाशिकला, आडगावला, चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ आमच्या गावच्या संमेलनाचा अध्यक्ष आहे, याचा आनंद मी आजही विसरलेलो नाही. मांडवातल्या पुस्तकांच्या गाळ्यांवर त्यांच्या कथा होत्या. मी त्यांच्यातली चित्रकथा शोधत फिरत होतो.

त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या. माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटतो, डावं उजवं होतं. पडद्यावर यासाठी किती खटाटोप करावा लागेल! कागदावर तीन चौकटी पुरतात: पहिलीत गणपती नेहमीसारखा, दुसरी कोरी, आणि तिसरीत तेच चित्र उलटं, सोंड उजवीकडे. घरी आल्यावर मी वही घेतली आणि पहिली चौकट आखली.