समईवरची पावडर

"अहो, तुमचं ते यंत्र भुसा ओढून घेतं म्हणता, मग समईवर रोज ही पावडर कुठून बसते?" सौ.चा हा प्रश्न मी दोन वर्षं हसण्यावारी नेला. बडोद्यात रस्त्यांची खोदाई काय कमी असते, हे माझं ठरलेलं उत्तर.

निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी हौसेचं सुतारकाम मांडलं. एक टेबल करवत, एक सँडर आणि एक अश्वशक्तीचा छोटा डस्ट कलेक्टर. त्याला खाली भुसा साठणारी प्लास्टिकची पिशवी आणि वर हवा बाहेर सोडणारी कापडी पिशवी. फरशी लख्ख राहायची, म्हणून मी खूश.

एका सकाळी नातू दारात उभा होता. खिडकीतून कवडसा आत आलेला. मी बटण दाबताच तो ओरडला, "आबा, पिशवीतून धूर येतोय!" धूर नव्हता, सागवानाची धूळ होती. कापडातून गाळून बाहेर पडत होती आणि नेमकी त्याच्या तोंडासमोर तरंगत होती.

तेव्हा कुठे मी पिशवीवरचं लेबल वाचलं: 30 मायक्रॉन. म्हणजे त्याहून बारीक कण बरेचसे आरपार जाणार. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसात खोलवर उतरणारे कण 10 मायक्रॉनपेक्षाही लहान, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. म्हणजे माझं यंत्र दिसणारा भुसा गोळा करत होतं आणि घातक धूळ घरभर उडवत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ 1995 सालीच कर्करोगकारक ठरवली आहे. धोका मुख्यतः नाकाचा आणि त्यालगतच्या पोकळ्यांचा.

कापडी पिशवीऐवजी 1 मायक्रॉनचा घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर मागवला. घड्यांमुळे त्याचं क्षेत्रफळ पिशवीच्या कित्येक पट असतं. त्यामुळे जाळी बारीक असूनही हवा अडत नाही, यंत्राची ओढ टिकते. माझी चूक झाली ती मापात. पिशवीचं तोंड मोजलं, यंत्राची कडी मोजलीच नाही. कापड ताणलं जातं, लोखंड नाही! फिल्टर सैल निघाला. शेवटी 18 मिलिमीटर प्लायवूडची गोल चकती कापून मधे बसवली. तुम्ही कडीचा व्यास मोजूनच मागवा.

जुनी पिशवी काढताना यंत्राची पिन काढून ठेवा आणि एन-95 मास्क लावा. पिशवी घरात झटकू नका. आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, मग पट्टा सोडा. कडीवरचा चिकटलेला भुसा ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, फोमची पट्टी लावा. क्लॅम्प समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. मग रात्री दिवे घालवून, यंत्र चालू करून सांध्यांवर टॉर्च मारा. झोतात धूळ दिसली तर तिथे फट आहे. माझ्याकडे दोन सापडल्या.

काम संपल्यावर यंत्र बंद करून फिल्टरची मूठ फिरवायची, म्हणजे घड्यांतली धूळ खाली पडते. खालची पिशवी गच्च भरू द्यायची नाही. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. आणि सँडिंग करताना मास्क हवाच. फिल्टर यंत्राच्या तोंडात आलेलीच धूळ अडवतो.

पंधरा दिवस झाले. समई पुसताना सौ. काही बोलत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिचं न बोलणं म्हणजे पसंती, एवढं मला कळतं.

माझ्या करवतीचं पातं लावायला येणारे मिस्त्री मात्र हसले होते. "अमने तो टेव पडी गई छे, काका." त्यांच्या कारखान्यात दिवसभर सागवान कापलं जातं आणि त्यांना सकाळी सकाळी खोकल्याची उबळ येते. मी वाद घातला नाही. संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं, जुनी पिशवी पुन्हा चढवली, दिवा घालवला आणि टॉर्च लावला. ते बराच वेळ त्या झोताकडे पाहत राहिले. मग खिशातून टेप काढला आणि विचारलं, "काका, माप कडीचं घ्यायचं म्हणालात ना?"