न्हाणीघरातील बुरशी

श्रावण लागला म्हणजे भिलाईच्या कॅम्प-1 सारख्या दाट वस्तीतील लहान घरांतून न्हाणीघराच्या कोपऱ्यांत काळे ठिपके दिसू लागतात. प्रथम ते मोहरीएवढे असतात. पुढे एकमेकांत मिसळून भिंतीला काजळी फासल्यासारखी दिसते. पोलादाच्या गावात हा कारखान्याचा धूर असावा, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु काजळी अशी ठिपक्याठिपक्यांनी पसरत नाही. हे डाग सजीव आहेत. लोणच्याच्या बरणीत किंवा शिळ्या भाकरीवर जी बुरशी येते, तिच्याच जातकुळीतील ही वनस्पतीसारखी भासणारी, परंतु हरितद्रव्यरहित सृष्टी होय.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असतात. त्यांना घराबाहेर ठेवणे अशक्य आहे. अन्न म्हणून त्यांना भिंतीवर उडालेला साबण, अंगाचा मळ व धूळ पुरते. उणीव असते ती केवळ पाण्याची, आणि न्हाणीघर ती भरून काढते. 30 अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे 30 ग्रॅम बाष्प सामावू शकते. 20 अंशांवर ही मर्यादा सुमारे 17 ग्रॅमपर्यंत उतरते. म्हणून हिवाळ्यात ऊन पाण्याची वाफ थंड भिंतीला लागताच तिचे थेंब होतात. पावसाळ्यात कारण निराळे असते. तेव्हा बाहेरचीच हवा इतकी दमट असते की झरोका उघडा ठेवूनही भिंत वाळत नाही. अशा दिवसांत स्नानानंतर भिंती व फरशी कोरड्या फडक्याने पुसून घेणे, हा साधा वाटणारा उपाय बाटलीतील कोणत्याही औषधापेक्षा अधिक गुणकारी ठरतो.

दिवाळीपूर्वी चुन्याची सफेदी देण्याच्या जुन्या रीतीतही रसायनशास्त्र आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहसा रुजत नाही. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि तो गुण ओसरतो. बुरशीवरूनच चुना फासला, तर डाग झाकला जातो एवढेच. आधी भिंत ओली करून घासावी, धुवावी, पूर्ण वाळू द्यावी, मग सफेदी.

भिंतीवरील पांढरी भुकटी मात्र बहुधा बुरशी नसते. थेंबभर पाण्यात ती विरघळली, तर तो विटांतून बाहेर आलेला क्षार समजावा. त्याचे मूळ नळाच्या गळतीत किंवा जमिनीतून चढणाऱ्या ओलीत असते. तेथे गवंड्यालाच बोलवावे लागते.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही. ओल व बुरशी असलेल्या घरांत खोकला, श्वासाची घरघर व दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. म्हणून घासताना नाकातोंडावर फडके बांधावे व दम्याच्या रोग्याला हे काम देऊ नये. फरशीसाठी ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरता येते. परंतु संडास धुण्याचे ॲसिड त्यात कधीही मिसळू नये. त्या मिश्रणातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, आणि दार लावलेल्या अरुंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. डोळे चुरचुरू लागले किंवा घसा आवळल्यासारखा झाला, तर बादली तेथेच सोडून तत्काळ मोकळ्या हवेत यावे.