श्वासयंत्रावरील रोग्याची घरची शुश्रूषा

कृत्रिम श्वासयंत्र म्हटलें, कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें रुग्णालयांतील अतिदक्षता विभाग उभा राहतो. चार-आठ दिवसांचें संकट, आणि मग सुटका किंवा शेवट, एवढाच त्या यंत्राचा अर्थ आपण समजतों. परंतु ज्यांचा या यंत्राशीं संबंध दिवसांचा नसून वर्षांचा असतो, अशींहि माणसें आपल्यांत आहेत. मानेच्या वरच्या मणक्यांत मज्जारज्जूला इजा झालेला तरुण, स्नायूंच्या क्षयानें हळूहळू दुर्बल होत गेलेला मुलगा, मोटर न्यूरॉन विकारानें अंथरुणास खिळलेला गृहस्थ, यांचीं फुप्फुसें पुष्कळदां चांगलीं असतात. निकामी झालेला असतो तो त्यांचा भाता, म्हणजे श्वासपटल व बरगड्यांचे स्नायू. भात्याचें काम यंत्र करतें. बाकीचें सर्व काम माणसाला करावें लागतें. आणि अशा रोग्याच्या घरीं राहून तें काम करणाऱ्या परिचारकाविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

या कामाचें मर्म कळण्यास डेन्मार्कमधील एका सांथीची हकीकत फार उपयोगी पडते. १९५२ सालच्या उन्हाळ्यांत कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. ब्लेगडाम रुग्णालयांत श्वास बंद पडत चाललेले रोगी येऊं लागले. सबंध शरीर पेटींत ठेवून श्वास देणारें ‘लोखंडी फुप्फुस’ तेथें एकच होतें, आणि छातीवर बसविण्याचीं लहान यंत्रें सहा. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकीं २७ दगावले. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें असें सुचविलें, कीं रोग्याच्या गळ्याला छिद्र पाडून त्यांत नळी बसवावी व तिला जोडलेली रबरी पिशवी हातानें दाबून हवा द्यावी. २७ ऑगस्ट रोजीं १२ वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला व ती वांचली. पण पिशव्या दाबणार कोण? सुमारें दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून कित्येक महिने या कामास बसले. सांथीच्या ऐन भरांत एकाच वेळीं ७० रोगी परक्या हातांच्या जोरावर श्वास घेत होते. ती मुलगी पुढें १९७१ पर्यंत जगली.

पिशवी दाबणाऱ्याला एक गोष्ट आपोआप कळते. नळींत कफ साचला, कीं पिशवी हाताला कठीण लागते. नळी निसटली, कीं ती एकाएकीं पोकळ लागते. पुढें पिशवीच्या जागीं यंत्र आलें, आणि हाताला कळणारी हीच गोष्ट तें आतां घंटा वाजवून सांगतें. दाब वाढल्याची घंटा झाली, तर कफ, मुडपलेली नळी किंवा खोकल्याची उबळ पाहावी. दाब उतरल्याची झाली, तर कोठें तरी जोड सुटला आहे असें समजावें. परंतु घंटा वाजतांच नवखा मनुष्य यंत्राकडे धांवतो, आणि माझ्या मतें येथेंच चांगल्या व वाईट परिचारकाची पारख होते. आधीं रोग्याकडे पाहावयाचें. छाती वरखालीं होत आहे काय? ओंठ काळवंडले आहेत काय? डोळ्यांत भीति आहे काय? कारण क्षणांत सांपडलें नाहीं, तर यंत्र सोडवून हातपिशवीनें श्वास देण्यास आरंभ करावा, आणि मग दुसऱ्याला हांक मारून यंत्राचा दोष शोधावा. ही आपोआप फुगणारी पिशवी, जिला आपल्याकडे सर्वत्र ‘अंबू बॅग’ म्हणतात, तीहि १९५६ सालीं डेन्मार्कमध्येंच निघाली. ती कपाटांत ठेवणें म्हणजे नसल्यासारखेंच आहे; ती उशाशीं हवी, आणि तिच्याजवळ गळ्याची एक जादा नळी त्याच मापाची व दुसरी एक मापानें लहान अशी तयार हवी. घंटेच्या आवाजाला कंटाळून ती दाबून ठेवण्याची संवय कांहीं घरांतून आढळते. तीसारखी घातक संवय दुसरी नाहीं.

आतां कफाविषयीं. आपलें नाक हवा गाळतें, ऊन करतें आणि ओलसर करतें. गळ्याच्या छिद्रांतून जाणारी हवा नाकाला वळसा घालून जाते, म्हणून तिला ओलावा बाहेरून द्यावा लागतो. न दिल्यास कफ वाळून डिंकासारखा होतो व नळी बुजते. ओलावा देणाऱ्या भांड्यांत शुद्ध केलेलें पाणीच घालावें. नळ्यांत साचलेलें पाणी ओतून टाकतांना तें रोग्याच्या बाजूस वाहूं देऊं नये, ही गोष्ट किरकोळ वाटते, पण त्या पाण्यांतूनच जंतु छातींत उतरतात.

कफ ओढण्याची क्रिया, जिला सर्वजण ‘सक्शन’ म्हणतात, ती घड्याळाकडे पाहून करावयाची नसते. छातींत घरघर ऐकूं आली, दाब वाढला, किंवा रोग्यानें स्वतः खुणेनें मागितली, म्हणजे करावी. हात धुवून, वैद्यानें सांगितल्याइतकीच नळी आंत घालून, १० ते १५ सेकंदांत बाहेर काढावी. तेवढा वेळ रोग्याला श्वास मिळत नाहीं. म्हणून जुन्या परिचारिका शिकाऊ मुलींना सांगतात, कीं नळी आंत जातांना आपलाहि श्वास रोखून धरावा. मग किती वेळ झाला हें कोणी सांगावें लागत नाहीं. एका खेपेनंतर यंत्राचे कांहीं श्वास जाऊं द्यावे व मगच दुसरी खेप करावी. कफ पिवळा-हिरवा, दाट किंवा रक्तमिश्रित दिसल्यास वैद्याला तत्काळ कळवावें.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे. रोगी धापा टाकूं लागला, कीं घरचीं माणसें प्राणवायूची टाकी उघडतात. पण ज्याचे स्नायू थकले आहेत त्याला बहुधा प्राणवायूची नव्हे, तर हवेच्या हालचालीची वाण असते. नुसता प्राणवायु वाढविल्यानें बोटाला लावलेल्या मापकावरचा आंकडा चांगला दिसतो, आणि आंत कार्बनचा दूषित वायु साचत राहून रोग्यास गुंगी येऊं लागते. वैद्याच्या सांगण्यावांचून त्या टाकीला हात लावूं नये.

विजेचें सांगावयास नको. खेड्यांत भारनियमन आणि शहरांत पावसाळ्यांतील बिघाड, दोन्ही आपल्या परिचयाचे आहेत. यंत्राच्या आंतील बॅटरी किती वेळ चालते हें कागदावर वाचून न थांबतां, वैद्य किंवा यंत्राचा जाणकार जवळ असतांना, दिवसा, एकदां प्रत्यक्ष पाहून ठेवावें. जुनी झालेली बॅटरी कागदावरच्या हिशेबाप्रमाणें चालत नाहीं.

शरीराची व्यवस्था एवढी लावल्यावर उरतो तो वाणीचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. गळ्यांतल्या नळीमुळें हवा स्वरयंत्रापर्यंत पोंचत नाहीं. कांहीं रोग्यांना एकेरी झडपेच्या साह्यानें बोलतां येतें. मात्र झडप लावण्यापूर्वीं नळीभोंवतींचा फुगा पूर्ण रिकामा केलाच पाहिजे, नाहीं तर आंत गेलेल्या हवेला बाहेर येण्यास वाटच उरत नाहीं. ज्यांना तेंहि साधत नाहीं त्यांच्यासाठीं अक्षरांचा फळा करावा. आपल्या वर्णमालेची मांडणी या कामीं फार सोयीची आहे: ‘क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग?’ असें विचारीत जावें, पापणी मिटली कीं त्या वर्गांतील अक्षरें एकेक म्हणावीं, आणि मग काना-मात्रा विचारावी. दोन पायऱ्यांत अक्षर सांपडतें. शब्द अर्धा झाला असतां तो आपणच पुरा करून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. ‘पा’ म्हटल्याबरोबर आपण ‘पाणी’ म्हणून मोकळे होतों, आणि बिचाऱ्याला ‘पाय’ सरळ करून हवा असतो.

अमेरिकेंतील एड रॉबर्ट्स यांना वयाच्या १४ व्या वर्षीं, १९५३ सालीं, पोलिओ झाला. ते रात्रीं लोखंडी फुप्फुसांत निजत. तरीहि १९६२ सालीं ते बर्कली येथील विद्यापीठांत दाखल झाले. त्यांनीं व त्यांच्या अपंग सोबत्यांनीं जो आग्रह धरला तो हा, कीं आपला परिचारक आपण निवडूं, आपण शिकवूं आणि नको असेल तर आपणच काढूं. १९७२ सालीं तेथें स्वतंत्र जीवनाचें जें केंद्र उभें राहिलें त्याच्या मुळाशीं हाच आग्रह होता. आपल्याकडे रोग्यापुढें उभें राहून ‘यांना जेवायला काय द्यायचें?’ असें त्याच्या सुनेला विचारण्याची रीत आहे. त्याला विचारा ना! तो ऐकतो आहे.

शेवटीं परिचारकाच्या विश्रांतीचा हिशेब. आठवड्याचे तास १६८. एका माणसानें ४८ तास काम करावें असें धरलें, तर साडेतीन माणसें लागतात, आणि रजा व आजारपण धरतां चार. प्रत्यक्षांत ब्यूरोकडून एखादी ताई बारा तासांसाठीं येते, आणि उरलेले बारा तास आई, पत्नी किंवा सून हिच्या माथीं पडतात. घंटा ऐकूं न येण्याइतकी गाढ झोंप तिला आली, तर तो दोष तिचा म्हणतां येणार नाहीं. आप्तांनीं आठवड्यांतील दोन रात्रीं वांटून घेतल्या, तरी पुष्कळ फरक पडतो. फक्त त्यांना आधीं हातपिशवी चालविण्यास व नळी बदलण्यास नीट शिकविलेलें असावें, आणि तें शिक्षण रोग्याला घरीं आणण्यापूर्वींच, रुग्णालयांत, वैद्याच्या देखत झालेलें बरें.

पाळी बदलतांना जाणाऱ्यानें येणाऱ्यास उभ्या-उभ्या सांगूं नये. दोघांनीं पलंगाशीं येऊन यंत्रावरचे आंकडे वहींतील आंकड्यांशीं ताडून पाहावे, हातपिशवी एकदां दाबून पाहावी, शेवटचें सक्शन केव्हां झालें, कफाचा रंग कसा होता, कूस केव्हां बदलली हें बोलून घ्यावें. आणि रोग्याचें कांहीं सांगणें अर्धें राहिलें असेल, तर तें कोठपर्यंत आलें होतें, तेंहि.