अतिथींची तिथी

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले, की हातखंब्याच्या तिठ्यावर वाहनांची रीघ लागते. मुंबईहून आलेला चाकरमानी येथून कोणी रत्नागिरीस वळतो, कोणी पुढे लांजा-राजापूरकडे जातो. कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरलेला यात्रेकरूही येथूनच रत्नागिरीस वळतो. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आम्ही कीर्तनाच्या पूर्वरंगात सांगत आलो. परंतु आता अतिथी निघण्यापूर्वीच आपली तिथी कळवू लागला आहे.

प्रवासास निघणारा मनुष्य आधी भ्रमणध्वनीवर स्थळाचा शोध घेतो, आणि त्या शोधाची नोंद राहते. विकिपीडियातील कोणता लेख कोणत्या दिवशी किती वेळा उघडला गेला, हे २०१५ च्या मध्यापासून सर्वांस विनामूल्य पाहता येते. गूगल ट्रेंड्स जिज्ञासेचा चढउतार दाखविते. मात्र तेथील १०० हा आकडा माणसांचा नव्हे, निवडलेल्या काळातील सर्वोच्च बिंदूचा असतो. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने जागतिक वारसास्थळांविषयी विकिपीडियाच्या वाचनसंख्येचा असा अभ्यास केला आहे. गणपतीपुळे, पावस, लोकमान्यांचे जन्मस्थान, थिबा राजवाडा यांच्यासाठी तो आपणही करावा. वाहनतळ, स्वच्छतागृहे, जादा एस.टी. गाड्या यांची सिद्धता मग गर्दी उसळण्यापूर्वीच करता येईल.

येथे पंचांगाचे भान मात्र हवे. २०२३ साली अधिक श्रावणामुळे गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला आली. २०२५ साली ती २७ ऑगस्टला होती. केवळ इंग्रजी महिने ताडून पाहणारा ऑगस्टचे आकडे पाहून भाविक एकाएकी वाढले असे म्हणेल. वाढले काहीच नसेल, सण तेवढा अलीकडे आला असेल! म्हणून तिथीशीच तिथी ताडावी.

आणि आकडा चढला म्हणजे केवळ आनंद मानावा, असेही नाही. आमच्या तालुक्यातील उक्षी व जांभरुण येथील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ही शिल्पे जांभ्या दगडाच्या सड्यावर, पायाखालच्या कातळातच कोरलेली आहेत. अशा स्थळांविषयी जिज्ञासा वाढताना दिसली, तर जाहिरातीआधी पायवाट आखावी, कठडा घालावा, गावचा वाटाड्या नेमावा. हजारो वर्षे टिकलेली रेषा आपल्या उत्साहाखाली झिजली, तर ती पुन्हा कोरता येणार नाही.

शेवटी एक विनंती. वाट पाठ असलेला चाकरमानी कोणास काही विचारीत नाही, एस.टी.ने येणारी वृद्ध माउलीही कोणत्याच आलेखात उमटत नाही. त्यांच्यासाठी तिठ्यावरची प्रत्यक्ष मोजणी आणि ग्रामस्थांचा अनुभव यांचीच जोड हवी. कीर्तनास किती मंडळी येणार हे आधी कळले, तर सतरंज्या पुरेशा घालता येतात. परंतु उशिरा येऊन मागे उभ्या राहणाऱ्या श्रोत्यासाठी थोडी जागा राखावीच लागते.