पडद्यावरची इम्पाला, रस्त्यावरची डॉज

जुन्या अमेरिकन गाड्यांचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच गाडी उभी राहते. इम्पाला. पाठीमागे दोन्ही बाजूंना पंख फुटलेली, बंपरपासून दाराच्या मुठीपर्यंत क्रोमनं मढवलेली, पुढचं टोक एका दुकानासमोर आणि मागचं दुसऱ्या दुकानासमोर. हिंदी सिनेमातला सेठ तिच्यातून उतरायचा आणि तो सेठ आहे हे सांगायला मग संवाद लागत नसे. पण भंडारा जिल्ह्यात इम्पाला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं किती निघतील? आमच्या कोंढ्यासारख्या गावात ती आली ती टुरिंग टॉकीजच्या पडद्यावर, आणि रीळ संपलं की गेली. इकडच्या माणसांनी जिच्यात बसून प्रवास केला, जिला धक्का मारला, जिच्या टपावर वळकट्या बांधल्या, ती अमेरिकन गाडी वेगळीच होती. ती बनत होती मुंबईत, कुर्ल्याला. डॉज, प्लायमाऊथ, डिसोटो अशा नावांनी ती विकली जायची. आठवणींच्या बाजारात तिला भाव नाही, म्हणून हा लेख तिच्यावर.

अमेरिकन गाडी इथे रुजली ती थाटासाठी नव्हे, हे आधी सांगायला हवं. १९२०च्या दशकापासून हिंदुस्थानच्या बाजारात अमेरिकन मोटारींनी इंग्रजी मोटारींना मागे टाकलं. राज्य लंडनचं आणि मोटारी डेट्रॉइटच्या! याला इंग्लंडचा करच कारणीभूत होता. तिकडे मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावरून ठरत असे. कर वाचवायला तिथले कारखानदार अरुंद सिलिंडरची, लहान इंजिनं काढत. गुळगुळीत इंग्रजी रस्त्यांवर ती शोभून दिसायची. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, अंतरं अफाट आणि खेड्यातले रस्ते चिखलाचे. तिथली गाडी त्या चिखलासाठीच घडलेली होती. जमिनीपासून उंच, इंजिन दांडगं, स्प्रिंगा जाड, आणि बिघडली तर शेतकऱ्यानं स्वतः खोलावी इतकी सोपी.

आता भंडाऱ्याहून पवनीला जाणारा जुना रस्ता डोळ्यांपुढे आणा. पहेला, अड्याळ, कोंढा. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, मधूनमधून मालगुजारी तलावांच्या पाळी, आणि गावाकडे वळलं की पांदण. जुलैत त्या पांदणीतून रेंगीचे बैलही जपून पाय टाकतात. असल्या रस्त्याला डेट्रॉइटची गाडी पटली, कॉव्हेंट्रीची पटली नाही.

जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे शेवरोले उभी राहायची. ब्रिटिश साम्राज्यातल्या बाजारपेठा फोर्डनं आपल्या कॅनडातल्या कंपनीकडे सोपवल्या होत्या. तिनंही मुंबई, मद्रास, कलकत्त्याला बस्तान बसवलं. तेव्हाच्या मध्य प्रांतात मोटार उभी दिसायची ती मालगुजाराच्या, वकिलाच्या, बिडी कारखानदाराच्या नाहीतर जंगलाच्या ठेकेदाराच्या दारात. सर्वसामान्य माणूस याच कंपन्यांच्या चासीवर लाकडी बॉडी चढवलेल्या सर्व्हिस मोटारीत बसायचा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं तेव्हा अशा मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी बसली. लोणारी कोळसा धुमसवायचा, निघालेला वायू इंजिनाला पाजायचा आणि चढ आला की प्रवाशांनी उतरून चालायचं. वर्ध्याला तर जमनालाल बजाजांनी जुन्या फोर्ड गाडीला सरळ बैल जुंपले. आश्रमातली मंडळी तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत.

जुळणी ही शेवटी जुळणीच. गाडी इथेच बनली पाहिजे, हा ध्यास घेतला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींनी. १८८२ चा जन्म. रेल्वेच्या ठेक्यांपासून सुरुवात करून जहाजं, साखर, विमानं असा पसारा वाढवलेला हा माणूस. सर विश्वेश्वरय्या मोटार कारखान्याची योजना घेऊन फिरत होते, त्यांना वालचंदांची साथ मिळाली. मुंबईच्या बाळासाहेब खेर सरकारचाही कल अनुकूल होता. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि ते दार बंद झालं. त्याच सुमारास वालचंद अमेरिकेला गेले होते. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. (याच प्रवासात एका अमेरिकन विमान-व्यापाऱ्याशी गाठ पडली आणि त्यातून बंगलोरचा विमान कारखाना उभा राहिला. मोटार आणायला गेलेला माणूस विमान घेऊन आला. वालचंदांच्या चरित्रात असं बरंच आहे.) युद्धकाळात सरकारनं मोटार कारखान्याला काही प्राधान्य दिलं नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असतानाच, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

एकच गाडी, पण जाळी, बिल्ला आणि थोडी नक्षी बदलून तिची कधी डॉज व्हायची, कधी प्लायमाऊथ, कधी डिसोटो. ट्रकचंही तसंच; डॉज, फार्गो, डिसोटो ही तिन्ही एकाच आईची लेकरं. क्रायस्लरची ही चलाखी होती, वेगवेगळ्या विक्रेत्यांना वेगवेगळं नाव देण्याची. आपल्याकडे मात्र डॉजवाला आणि डिसोटोवाला एकमेकांची गाडी कमी कशी हे इमानेइतबारे पटवून देत राहिले.

या गाडीचं बोनेट उघडून पाहिल्याशिवाय तिचा स्वभाव कळत नाही. डॉज किंग्जवे घ्या. लांबी सुमारे सोळा फूट. बोनेटखाली एका रांगेत सहा सिलिंडर, क्षमता साडेतीन लिटरहून थोडी जास्त. पुढे आलेल्या फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे एका डॉजमध्ये तीन फियाट मावाव्यात. पण एवढं मोठं इंजिन असूनही त्यात गुंतागुंत नव्हती. व्हॉल्व्ह वर नाहीत, बाजूला, ब्लॉकमध्येच बसवलेले. त्यामुळे वरचं हेड म्हणजे निव्वळ एक सपाट जाड झाकण, आणि त्यावर ओळीनं सहा प्लग. झाकणाचे बोल्ट काढले की सहाही पिस्टनची डोकी समोर. हेड उतरवायचं, काजळी खरवडायची, नवं गॅस्केट टाकायचं, परत कसायचं. हे काम झाडाखाली व्हायचं आणि त्याला पाना, खरवडणी आणि धीर यापलीकडे फारसं काही लागत नसे. शर्यतीत असलं इंजिन मार खातं. व्हॉल्व्ह बाजूला असले की हवेचा रस्ता वाकडा होतो आणि वेगात दम पुरत नाही. पण आमच्या रस्त्यांवर वेगाची गरज होतीच कोणाला? कमी फेऱ्यांत भरपूर ओढ, हा त्याचा गुण. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी बैलगाडीच्या मागे रांगत न्यावी आणि रस्ता मोकळा झाला की गिअर न बदलता पुढे काढावी.

गिअरची दांडी खाली नसून स्टिअरिंगच्या दांड्यालाच होती. गिअर तीनच. जमिनीवर दांडी नसल्यामुळे पुढची सीट म्हणजे एक सलग बाकडं. ड्रायव्हर धरून तिघं, हा कंपनीचा हिशेब. आपला हिशेब वेगळा. वऱ्हाडाच्या गाडीत पुढे पाच, मागे सात, मांडीवरची पोरं मोजायची नाहीत, आणि डिकीचं दार दोरीनं बांधून त्यात भांडी. ड्रायव्हर दाराला चिकटून अर्ध्या अंगानं बसायचा आणि एका हातानं दांडी ओढून दुसरा गिअर टाकायचा. एवढं वजन घेऊनही गाडीचं पोट रस्त्याला घासत नसे. मोठेपणाचं कौतुक करायचंच तर ते इथे करावं.

खोड एकच, पण विदर्भात ती जन्मखोड ठरली. मेमधलं ऊन पंचेचाळीसच्या घरात गेलं की पेट्रोलची वाफ व्हायची, पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळीत ती अडकायची आणि गाडी चालता चालता आचके देऊन बंद पडायची. गाडीनं एअर धरली, असं म्हणायचे. उपाय ठरलेला. “बोनेट उघडा जी, थंडी होऊ द्या.” पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, सुरईतलं पाणी त्यावर थेंबथेंब सोडायचं, तोवर मंडळी कडुनिंबाखाली. म्हणून जुने ड्रायव्हर उन्हाळ्यात पहाटे चारलाच गाडी काढत.

इकडे डॉज वऱ्हाड वाहत होती तेव्हा तिकडे अमेरिकेत भलतीच चढाओढ चालू होती. जनरल मोटर्सचा आकृतिकार हार्ली अर्ल लढाऊ विमानाच्या शेपटीवर भाळला आणि १९४८ च्या कॅडिलॅकला मागे दोन छोटे उंचवटे आले. दहा वर्षांत त्यांचे पंख झाले. १९५९ च्या कॅडिलॅकची लांबी पावणेएकोणीस फुटांच्या आसपास होती. इम्पाला जन्मली १९५८ मध्ये. या पंखांचा गाडी चालवण्याशी काही संबंध नव्हता. गेल्या वर्षीची गाडी यंदा जुनी दिसावी एवढाच हेतू. मला त्या गाड्या देखण्या वाटतात, खोटं कशाला बोला, पण त्यांच्याबद्दलचा उमाळा मला उसना वाटतो.

भारतात त्या आल्या मुख्यतः वकिलातींमधून. विदेशी अधिकारी बदलून गेला की त्याची गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जायची आणि नट-निर्माते, कारखानदार ती उचलायचे. सिनेमावाल्यांसाठी गाडी म्हणजे पतपत्र. अमरावतीत जन्मलेल्या भगवानदादांकडे ‘अलबेला’च्या यशानंतर आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या होत्या, असं सांगतात. पुढे चित्रपट पडले, जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या आणि दादा दादरच्या चाळीत परतले.

मोठ्या गाडीवर घाव पडले ते एकामागून एक. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनं ठरवलं की नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सनं शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद केला, फोर्डही गेली. त्याच १९५३ मध्ये वालचंद वारले. प्रीमिअरकडे क्रायस्लरबरोबर इटलीची फियाटही आली होती, आणि परकीय चलनाच्या टंचाईत छोट्या गाडीचं पारडं जड होत गेलं. मुंबईच्या टॅक्सीस्टँडवरून डॉज-प्लायमाऊथ हटल्या, फियाट आली. तीच पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात टॅक्सी म्हणून निवृत्त झाली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. डॉज टॅक्सी गेली तेव्हा असं काही झाल्याचं ऐकिवात नाही. ट्रकच्या धंद्यात १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचं डिझेल आलं. मग १९७३ चं तेलसंकट. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरवरून बाराच्या जवळ गेला. लिटरला सहा-सात किलोमीटर देणारी गाडी पोसणं म्हणजे दारात हत्ती बांधणं झालं.

पण आपले मिस्त्री गाडी एवढ्यात मरू देणारे नव्हते. मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्सची डिझेल इंजिनं बनवत होती. डॉजचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि त्या ऐसपैस जागेत पर्किन्सचं चार सिलिंडरचं डिझेल बसवायचं, ही युक्ती देशभर चालली. माउंटिंगच्या पट्ट्या वेल्डिंगनं बदलायच्या, क्लचच्या खोक्याला जोडपट्टी कातून घ्यायची. लोण्यासारखं चालणारं इंजिन जाऊन खडखडाट आला, सगळी गाडी थरथरू लागली, आरसा बघून उपयोग नसे. पण भाडं परवडू लागलं. क्यूबाच्या गाड्यांचं जगभर फार कौतुक होतं. तिथे क्रांतीनंतर अमेरिकन माल बंद झाला आणि १९५०च्या दशकातल्या गाड्या सोव्हिएत इंजिनं घालून अजून चालतात. आपल्याकडे हेच झालं, फक्त फोटो काढायला कोणी आलं नाही.

कोंढ्याच्या चौकात आज उभे राहा. ट्रॅक्टर, मॅजिक, दुचाक्यांची गर्दी, आणि त्यात बोलेरो. तिची वंशावळ सांगायची तर पणजोबा अमेरिकन निघतात. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपची पुढे लांबी वाढली, टप आला, आडवी बाकडी आली, आणि विदर्भाच्या रस्त्यांवर ती काळी-पिवळी म्हणून धावली. बाराजण कोंबायचा डॉजचा वारसा तिनं इमानानं चालवला. म्हणजे अमेरिकन गाडी आमच्या गावातून गेलीच नाही. तिनं फक्त क्रोम उतरवून ठेवलं.

जी खरोखर गेली तिच्यासाठी आता सरकारी नियम आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. एखाद्या उद्योगपतीच्या गॅरेजमध्ये चादरीखाली झोपलेली इम्पाला या परीक्षेत आरामात उत्तीर्ण होते. तीस वर्षं वऱ्हाडं वाहिलेली पर्किन्सवाली डॉज नापास. तिला पाटी हवी असेल तर मालकानं आधी ते डिझेल उतरवायचं, कुठल्यातरी भंगारातून सपाट डोक्याचं सहा सिलिंडरचं इंजिन हुडकायचं आणि परत बसवायचं. एवढं करून नोंदणी मिळाली तरी गाडी न्यायची ती रॅलीला, प्रदर्शनाला, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. भाडं मारायला बंदी आहे.