पंचाहत्तर किलोमीटरवरचं रॉकेट

आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाला नावं ठेवू नका. गणित मात्र जरूर तपासा!

इस्रोचं लाँच असलं की आपल्या टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. आणि कुणीतरी म्हणतंच, "यार, एकदा तिकडे जाऊन फोटो काढला पाहिजे." श्रीहरिकोट्याला २०१९ पासून प्रेक्षकांसाठी गॅलरी आहे, पण आधी नोंदणी करावी लागते. तिथे नंबर लागला नाही तर चेन्नई. मरीना बीचपासून लाँच पॅड सरळ रेषेत साधारण ७५ किलोमीटर उत्तरेला. माझी मावशी चेन्नईत राहते, म्हणून तिच्या गच्चीवरून रात्रीचं एक लाँच मी टिपलं. त्यासाठी केलेला अभ्यास इथे देते.

सगळे पहिल्यांदा विचारतात, "झूम केवढा लागेल?" आकडेमोड करू. पीएसएलव्हीची उंची ४४ मीटर. ७५ किलोमीटरवरून ते डोळ्याशी फक्त २ मिनिटांचा कोन करतं (कोनाची मिनिटं, घड्याळाची नव्हे). चंद्र साधारण ३० मिनिटांचा दिसतो, म्हणजे रॉकेट चंद्राच्या पंधराव्या हिश्शाएवढं. ३०० मिमीच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा पडेल ०.१८ मिमीची. त्यातून समुद्राकाठची दमट, थरथरणारी हवा मध्ये. कितीही महागडी लेन्स लावा, ही हवा काही बाजूला होत नाही.

दुसरी अडचण म्हणजे पृथ्वी गोल आहे. बीचवर उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असतं आणि ७५ किलोमीटरवरचा खालचा सुमारे ३८० मीटरचा भाग त्याच्याआड जातो. २० मीटर उंच गच्चीवर गेलं की हाच आकडा २७० वर येतो. (प्रकाश हवेत थोडा वाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात जरा कमी.) थोडक्यात, पॅडवरचं रॉकेट आपल्याला दिसणारच नाही. ते वर आल्यावर दिसेल.

मग लांबून फोटो कशाचा काढायचा? माझं उत्तर आहे, रॉकेटचा नाहीच, त्याच्या वाटेचा. त्याला साधी १८ मिमीची लेन्स पुरते. रात्रीच्या लाँचसाठी ट्रायपॉड घट्ट लावा, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, बल्ब मोड, आणि शटर दोन-तीन मिनिटं उघडं ठेवा. ज्वाळेची अख्खी कमान एकाच फ्रेममध्ये उमटते. फोकस आधीच लांबच्या दिव्यावर किंवा ताऱ्यावर हाताने करा आणि रिंगला चिकटपट्टी लावून टाका. बटण बोटाने दाबू नका, केबल रिलीज वापरा. चेन्नईहून कॅमेरा नाकासमोर उत्तरेला न धरता ईशान्येकडे वळवा, कारण रॉकेट उजवीकडे समुद्रावर जातं. उजवीकडे आणि वर भरपूर जागा सोडा.

दिवसाचं लाँच असेल तर हे चालणार नाही. तेव्हा १/१००० सेकंद ठेवून मागे राहणाऱ्या धुराचे फोटो काढायचे.

मोबाईलवरच्या लाइव्ह प्रक्षेपणावर शटर उघडू नका, ते काही सेकंद मागे असतं. घड्याळ बघा. आणि आवाजाची वाट पाहू नका. तो इथवर पोचलाच तर ३ मिनिटं ४० सेकंदांनी पोचेल. तोवर पीएसएलव्हीचा पहिला टप्पा गळून पडलेला असतो.

आता पैशाचं. माझा सेमिस्टरभराचा पॉकेटमनी तिकिटात गेला, कॅमेरा मैत्रिणीचा, आणि इथे रीटेक नाही. सबमिशनला निदान एक्स्टेन्शन तरी मिळतं! त्यात लाँच होईलच याची खात्री नाही. चांद्रयान-२ चं लाँच १५ जुलै २०१९ च्या पहाटे २.५१ ला होतं. तांत्रिक बिघाडामुळे ते ५६ मिनिटं आधी थांबवलं आणि २२ जुलैला झालं, तेही दुपारी २.४३ ला. रात्रीच्या कमानीची तयारी करून गेलेल्यांचं सगळं गणितच बदललं. म्हणून जाताना दोन्ही सेटिंग लिहून न्या आणि जमलं तर परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा.

मावशी म्हणाली, "अगं, टीव्हीवर याहून छान दिसतं की! एवढा खर्च कशाला?" बरोबर आहे तिचं. पण टीव्हीचा कॅमेरा रॉकेटचा पाठलाग करतो, त्यामुळे ते आपल्याला सरळ वर जातंय असं वाटतं. स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्यात ती रेघ उजवीकडे कलत जाते. कारण कक्षेत टिकायला नुसती उंची पुरत नाही, सेकंदाला सुमारे ७.५ किलोमीटरचा आडवा वेग लागतो. रॉकेट वर जातं ते मुख्यतः हवेच्या बाहेर पडायला, खरी मेहनत आडवं धावायची. हे मी पुस्तकात वाचलं होतं, व्हायव्हात घोकून सांगितलंही होतं. माझ्या फोटोत ते दिसतं.

पुढच्या रात्रीच्या लाँचला कुणी जाणार असाल तर ट्रायपॉड माझ्याकडून न्या. परत मात्र आणून द्या!