स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ‘निगेटिव्ह’ लिहिलंय, म्हणजे सुटलो का?

कोरोनानं आपल्याला एक सवय लावली. रिपोर्ट हातात पडला की आधी ‘निगेटिव्ह’ शोधायचं, आणि दिसलं की जीव भांड्यात. आता समजा, मुदखेडच्या एखाद्या घरात आईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिलाय. मोबाईलवर पीडीएफ येते. खाली ओळ असते : ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-२ निगेटिव्ह. एक नाही, तीन तीन निगेटिव्ह! फॅमिली ग्रुपवर लगेच हात जोडलेले इमोजी पडायला लागतात.

घोळ इथंच होतो. ही तपासणी करतात तेव्हा कॅन्सर आहे हे आधीच ठरलेलं असतं. तो कुठल्या जातीचा आहे आणि कुठलं औषध त्याला लागू पडेल, एवढंच ही ओळ सांगते.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनचा रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा. रिसेप्टर म्हणजे पेशीतलं निरोप घेणारं प्रथिन. रक्तातून आलेलं इस्ट्रोजेन ईआरला चिकटतं, मग ही जोडी पेशीच्या केंद्रातल्या डीएनएवर जाऊन बसते आणि ‘वाढा, दुप्पट व्हा’ सांगणारी जनुकं चालू करते. कॅन्सरच्या पेशी या निरोपावर जगत असतील तर तो निरोप अडवता येतो. टॅमॉक्सिफेनची गोळी नेमकं हेच करते, इस्ट्रोजेनच्या जागेवर आधीच जाऊन बसते. हर-२ हे पेशीच्या बाहेरच्या आवरणावरचं प्रथिन. काही गाठींमध्ये ते प्रमाणाबाहेर वाढलेलं असतं. त्याच्यावरचं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालं.

म्हणजे इथं ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ असा की नेम धरायला जागा आहे. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. त्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, ट्रॅस्टुझुमॅबही नाही. हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात जास्त प्रमाणात दिसतो. पण म्हणून इलाज संपला असंही नाही. या पेशींवर किमोथेरपी चांगली लागू पडू शकते, त्यामुळे ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून आईला घरी बसवणं ही ग्रुपवरच्या इमोजीपेक्षा मोठी चूक ठरेल.

हे सगळं कळलं कसं? माणसावर थेट प्रयोग करता येत नाहीत, म्हणून कॅन्सरच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या बशीत वाढवाव्या लागल्या. यात एक मराठी नाव फार आधीचं आहे. कमल रणदिवे, जन्म पुण्यात, १९१७ चा. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत (जगप्रसिद्ध हेला पेशी वाढवणारे हेच) काम शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांच्या नात्यावरही त्यांनी काम केलं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. तिकडे अमेरिकेत मिशिगनमध्ये १९७० साली एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून एमसीएफ-७ नावाच्या पेशी मिळाल्या. त्या ईआर पॉझिटिव्ह निघाल्या. त्या बाई त्याच वर्षी गेल्या. पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत.

रणदिवेंची ती संस्था पुढं टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि आज खारघरला अॅक्ट्रेक म्हणून ओळखली जाते. तिथलंच एक काम ‘निगेटिव्ह’ शब्दाची आणखी गंमत करतं.

टाटाचे सर्जन डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,००० महिलांवर एक चाचणी केली होती. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं. २०११ मध्ये निकाल छापून आला : सगळ्या जणींचा एकत्र हिशेब केला तर ठोस फरक नाही, पण ज्यांचा कॅन्सर काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता त्यांच्यात फायदा दिसला.

का दिसला? उत्तर शोधायला पुन्हा बशीतल्या पेशींकडे जावं लागलं. अॅक्ट्रेकमधल्या डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेनं प्रोजेस्टेरॉन दिल्यावर पेशींची हालचाल मोजली. कॅन्सर जीवघेणा होतो तो पसरल्यामुळं, म्हणून हालचाल महत्त्वाची. पेशी मंदावल्या. पण ज्यांच्यात पीआर नव्हताच, त्याही मंदावल्या! निरोप घेणारं कुणी नसताना निरोप पोचला कसा? २०१८ च्या त्यांच्या शोधनिबंधात उत्तर आहे. प्रोजेस्टेरॉन एसजीके-१ हे जनुक वाढवतं, त्यातून एनडीआरजी-१ नावाचं प्रथिन जागं होतं आणि ते पेशीच्या पळण्याला लगाम घालतं. पीआर असेल तर हे काम पीआरमार्फत होतं, नसेल तर मायक्रोआरएनए या बारक्या रेणूंच्या आडवाटेनं.

हे वाचून कुणी मेडिकलवर प्रोजेस्टेरॉन मागायला जाऊ नका. बशीतल्या पेशी म्हणजे अख्खी बाई नव्हे, आणि ते इंजेक्शन काही नेहमीच्या उपचाराचा भाग झालेलं नाही.

रिपोर्ट मात्र नीट वाचा. ईआरसमोर टक्केवारी असते. एक टक्का पेशींना रंग चढला तरी तो पॉझिटिव्ह धरला जातो, पण १ ते १० टक्क्यांच्या मधलं असेल तर हार्मोनच्या गोळीचा किती उपयोग होईल हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. हर-२ समोर ‘२+’ असेल तर निकाल अर्धवट आहे, पुढची फिश नावाची तपासणी लागते. आणि मुदखेडहून देवगिरी किंवा नंदीग्रामनं टाटाला निघाला असाल तर फक्त पीडीएफ नेऊ नका. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. लॅबकडून तो आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात त्या पुन्हा तपासतात, आणि कधीकधी रिपोर्ट बदलतो.